पेट्रोल संपून छोटं विमान कसं पडतं? जॉन डेन्व्हरच्या अपघाताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकाऊ वैमानिकांना मी ग्राउंड क्लास घेतो. इंधनाचा धडा आला की दरवर्षी मी एकच अपघात फळ्यावर मांडतो, तो म्हणजे अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचा. मुलं प्रश्न विचारतात, त्यांचे आईवडील फोनवर विचारतात, आणि गिटार वाजवणारी, विमानाशी काही संबंध नसलेली मंडळीही विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान.

अपघात कधी आणि कुठे झाला?

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी, संध्याकाळी साडेपाचला दोनेक मिनिटं कमी असताना. जागा कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह गावाजवळची, मॉन्टेरे उपसागराचा किनारा. विमान किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर समुद्रात कोसळलं. विमानात डेन्व्हर एकटेच होते. वय ५३. हवा स्वच्छ होती, उजेड होता. हवामानाला दोष देता येईल असं त्या दिवशी काहीही नव्हतं.

ते हौशी, नवखे वैमानिक होते का?

मुळीच नाही, आणि हा अपघात शिकवायला घेण्याचं पहिलं कारण तेच आहे. त्यांचे वडील अमेरिकन हवाई दलात वैमानिक होते. स्वतः डेन्व्हर यांच्या नावावर २,७०० तासांहून जास्त उड्डाण होतं. एक इंजिन, दोन इंजिनं, ग्लायडर, ढगांत केवळ उपकरणांवर उडवणं, इतकंच काय लिअरजेटसुद्धा, या सगळ्याची पात्रता त्यांनी मिळवली होती. पण अनुभव कागदावर एकूण तासांत मोजला जातो आणि विमान मात्र दर वेळी वेगळं असतं. या विमानात त्यांचे तास हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कमी होते. आदल्या दिवशी सांता मारिया या गावी अर्ध्या तासाचं ओळख-उड्डाण झालं, तिथून ते विमान घेऊन मॉन्टेरेला आले, आणि दुसऱ्या दिवशी हा अपघात झाला.

विमान कोणतं होतं?

लाँग-ईझी. बर्ट रुटान या नामांकित विमान-रचनाकारानं आखलेलं, दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं विमान. दिसायला उलटं वाटतं: मोठा पंख मागे, छोटा पंख नाकाजवळ, आणि इंजिन व पंखा शेपटीच्या जागी, मागून ढकलणारा. वैमानिक जवळजवळ आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसतो आणि विमान वळवायची दांडी त्याच्या उजव्या हाताशी, बाजूला असते. ही उजवी बाजू लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रचना उत्तम होती आणि आहे. जगभर शेकडो लोकांनी ती बांधली. दोष आराखड्यात नव्हता, त्या एका विमानात आराखड्यापासून घेतलेल्या फारकतीत होता.

"घरी बांधलेलं विमान" म्हणजे नक्की काय? असं चालतं का?

चालतं. रुटाननं नकाशे विकले, घेणाऱ्यानं गॅरेजमध्ये फोम आणि फायबरग्लास वापरून विमान उभं केलं. अमेरिकेत अशा विमानांना 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंदणी मिळते. बांधणाऱ्याला आराखड्यात बदल करायची मोकळीक असते, आणि कारखान्यातल्या विमानासारखी प्रत्येक खिळ्याची मंजुरी त्यामागे नसते.

आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, त्याची नोंदणी झाली. त्या नोंदणीसाठी त्यांना किती वर्षं झगडावं लागलं हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलंय. मला त्यांच्या जिद्दीचं मनापासून कौतुक आहे. डेन्व्हर यांचा अपघात वाचून कुणी "घरी विमान बांधणं म्हणजेच वेडेपणा" असा अर्थ काढू नये.

विमानात "टाकी बदलायची" म्हणजे काय? टाकी भरलेली असली की झालं ना?

ज्यांनी जुनी बजाज चेतक चालवलीय त्यांना हे एका वाक्यात कळेल. चालता चालता स्कूटर आचके द्यायची, आपण खाली हात घालून सीटखालचा कॉक फिरवायचो, स्कूटर 'रिझर्व्हला' लागायची आणि पुढे निघायची. कॉक कुठे आहे हे बोटांना पाठ असायचं, बघावं लागायचं नाही.

विमानात टाक्या बहुधा दोन, डाव्या अंगाला एक आणि उजव्या अंगाला एक. इंजिनाला कुठल्या टाकीतून पेट्रोल जाणार हे एक मूठ ठरवते. सेसना १७२ मध्ये त्या मुठीला 'डावी', 'उजवी' आणि 'दोन्ही' अशा जागा असतात, त्यामुळे बहुतेक वेळ ती 'दोन्ही'वर ठेवून निश्चिंत राहता येतं. खाली पंख असलेल्या पायपर विमानांत 'दोन्ही' नसतं, वैमानिकाला ठरावीक वेळानं टाकी आलटून पालटून घ्यावी लागते. लाँग-ईझीही तशीच, डावी किंवा उजवी. ज्या टाकीवर मूठ आहे ती रिकामी झाली की इंजिन थांबणार, मग दुसऱ्या टाकीत कितीही पेट्रोल असो.

मग त्या विमानात ही मूठ कुठे होती?

वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे.

रुटानच्या मूळ आराखड्यात ती पुढे, वैमानिकाच्या पायांमध्ये होती. हात खाली नेला की सापडावी अशी. हे विमान ज्यानं बांधलं त्यानं ती मागच्या भिंतीवर नेली. त्याचा हेतू वाईट नव्हता. पेट्रोलच्या नळ्या माणूस बसतो त्या जागेतून जाऊ नयेत, गळती झाली तर आग लागू नये, हा विचार. विचार म्हणून तो खरोखर चुकीचा नाही. पण एक धोका टाळताना दुसरा त्यानं वैमानिकाच्या पाठीमागे नेऊन ठेवला.

एनटीएसबी या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं नंतर तपशीलवार तपासलं की ती मूठ फिरवायला काय काय करावं लागतं. उजव्या हातातली दांडी सोडायची. खांद्याचा पट्टा सैल करायचा. कमरेपासून वरचं अंग डावीकडे जवळजवळ काटकोनात वळवायचं. मग हात मागे नेऊन मूठ फिरवायची. इतकं होईपर्यंत विमान कोण चालवतंय? कुणीच नाही.

त्यात भर म्हणजे मुठीवर एकही खूण नव्हती. मूठ वर केली की बंद, खाली केली की उजवी टाकी, आणि उजवीकडे केली की डावी टाकी. उजवीकडे वळवल्यावर डावी! शांतपणे खुर्चीत बसून वाचतानाही डोकं गोंधळतं. इंजिन बंद पडलेलं असताना, पाठीमागे न बघता, बोटांनी हे कसं ओळखायचं?

उड्डाणाआधी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं का?

आलं होतं, आणि हाच भाग मला सर्वांत जास्त सलतो.

उड्डाणापूर्वी डेन्व्हर आणि विमानतळावरचा एक तंत्रज्ञ या मुठीबद्दल बोलले. मूठ पोचत नाही हे दोघांनाही दिसत होतं. लांबी वाढावी म्हणून त्यांनी मुठीला लॉक होणारी पकड लावून पाहिली, आपल्या मेकॅनिककडे असते तसलीच. तरीही पट्टा बांधून बसल्यावर हात पोचेना. तेव्हा डेन्व्हर म्हणाले की गरज पडली तर ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन आणि तेवढ्यात मूठ फिरवीन. इंधनाची पातळी मागच्या सीटच्या बाजूला दिसायची, पुढून दिसत नव्हती, म्हणून तंत्रज्ञानं त्यांना एक छोटा आरसा दिला. खांद्यावरून आरशात बघून टाकीचा अंदाज घ्यायचा.

तंत्रज्ञानं टाक्यांत किती आहे तेही पाहून सांगितलं होतं: उजवीत अर्ध्याहून कमी, डावीत पाव टाकीहून कमी. पेट्रोल भरायचं का, असं विचारल्यावर डेन्व्हर नको म्हणाले. तासभरच उडणार आहे, एवढं पुरेल.

मी त्या जागी स्वतःला उभं करून बघतो. नवं विमान, सुरेख संध्याकाळ, समुद्र समोर. मूठ अडचणीची आहे, पण त्यावर काहीतरी उपाय केल्याचं समाधान आहे: पकड लावून पाहिली, आरसा मिळाला, ऑटोपायलट आहे. अडचण ओळखली म्हणजे ती सुटली, असं माणसाला अशा वेळी वाटतं. मलाही वाटलं असतं.

पण टाकीत पेट्रोल होतं ना? मग "पेट्रोल संपलं" असं का म्हणता?

चांगला प्रश्न आहे, आणि यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, विमानातलं सगळं पेट्रोल संपणं. दुसरी, पेट्रोल विमानात आहे, पण इंजिनापर्यंत पोचत नाही. दुसऱ्या प्रकाराला मी वर्गात 'इंजिनाची उपासमार' म्हणतो: घरात धान्य आहे, पण ताटात नाही. डेन्व्हर यांचा अपघात या दुसऱ्या प्रकारातला. इंजिनाच्या दृष्टीनं दोन्हींत काडीचा फरक नाही.

"पाव टाकीहून कमी" म्हणजे नक्की किती?

तेच तर कळायला मार्ग नव्हता. लाँग-ईझीत टाकीच्या भिंतीचा एक पट्टा अर्धपारदर्शक असतो, त्यातून आतली पातळी दिसते. या विमानात त्यावर लिटरच्या किंवा गॅलनच्या खुणा नव्हत्या. शिवाय टाकी पंखाच्या मुळाच्या आकाराची, म्हणजे सरळ डबा नव्हे. अर्ध्या उंचीवर पातळी दिसली म्हणजे अर्धं पेट्रोल आहे असं होत नाही. आपल्या पसरट बुडाच्या पातेल्यात आणि निमुळत्या कळशीत अर्ध्या उंचीला पाणी वेगवेगळं असतं, तसंच. तपासात हेच निघालं की दिसणारी पातळी आणि खरं इंधन यांचं प्रमाण सरळ नव्हतं.

आणखी एक. मूळ आराखड्याला चालणाऱ्या इंजिनापेक्षा मोठं, १५० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन या विमानात बसवलेलं होतं. मोठं इंजिन जास्त पितं.

शेवटच्या मिनिटांत काय झालं?

उड्डाणानंतर त्यांनी धावपट्टीवर तीनदा चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण करायचा सराव केला. नव्या विमानाचा हात बसावा म्हणून सगळेच करतात. पण उड्डाण आणि चढाई याच वेळी इंजिन सर्वांत जास्त पेट्रोल खातं, हे विसरू नका. मग ते पश्चिमेला किनाऱ्याकडे निघाले. नियंत्रण कक्षाशी ट्रान्सपाँडरबद्दल (विमानाची ओळख रडारला कळवणारं उपकरण) साधंसुधं बोलणं चालू होतं, त्यात घाबरल्याचा कसलाही सूर नव्हता.

किनाऱ्यावरच्या लोकांनी विमान साधारण ३५० ते ५०० फुटांवर पाहिलं. कित्येकांनी फट् असा आवाज ऐकला, नंतर इंजिनाचा आवाज बसला. विमानाचं नाक किंचित वर गेलं, ते उजवीकडे तीव्र कललं आणि नाकावर समुद्रात गेलं. फट् आवाजापासून पाण्यापर्यंत काही सेकंद.

नुसतं मागे वळून पाहिल्यानं विमान कसं पडेल?

आत्ता, वाचता वाचता करून बघा. खुर्चीत रेलून बसा, दोन्ही पाय पुढे जमिनीवर. आता उजवा हात डाव्या खांद्यावरून मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा प्रयत्न करा. अंग डावीकडे पिळलं जाईल आणि तुमचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाब देईल. तुम्ही ठरवलेलं नसतं, शरीर आधार शोधतं.

विमानात त्या उजव्या पायाखाली जमीन नसते, उजवं रडर-पेडल असतं. ते दाबलं की नाक उजवीकडे खेचलं जातं. तपासकांनी तशाच विमानात बसून मूठ फिरवायला लावलं, तेव्हा माणसं नकळत उजवं पेडल दाबत होती. ५,००० फुटांवर हे झालं असतं तर वैमानिक दचकून सावरला असता. ५०० फुटांवर सावरायला जागाच नव्हती.

वर्गातल्या प्रत्येक तुकडीला मी हे खुर्चीत बसवून करायला लावतो. पाय दाबला गेला की पोरं हसतात, मग एकदम गप्प होतात.

ते दारू प्यायले होते, असं ऐकलंय?

अपघातानंतरच्या चाचण्यांत दारू सापडली नाही. ही अफवा कशातून आली तेही सांगतो. आधीच्या काळातल्या मद्यपानाच्या प्रकरणांमुळे त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र अडकलं होतं आणि अपघाताच्या वेळी ते वैध नव्हतं. नियमानं त्यांनी उडायला नको होतं, हे खरं. पण विमान त्यामुळे पडलं नाही. मेलेल्या माणसाच्या माथी नसलेलं कारण मारू नये, एवढीच माझी विनंती.

अधिकृत निष्कर्ष काय आला?

जानेवारी १९९९ मध्ये एनटीएसबीनं कारण दिलं: मूठ फिरवायच्या प्रयत्नात वैमानिकाचं विमानावरचं लक्ष उडालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं आणि ताबा सुटला. जोडीला, उड्डाणाआधीची अपुरी तयारी, म्हणजे पेट्रोल न भरणं. आणि हातभार लावणाऱ्या गोष्टी म्हणून: बांधणाऱ्यानं खूण नसलेली मूठ अडचणीच्या जागी ठेवणं, इंधन-पातळीवर खुणा नसणं, या विमानाचं अपुरं प्रशिक्षण आणि त्यातला कमी अनुभव.

क्रम पाहा. वैमानिक आधी, मूठ नंतर. नियमानुसार विमानाचा कप्तान जबाबदार असतो, म्हणून हा क्रम मी मान्य करतो. पण शिकवणारा म्हणून माझं मत थोडं निराळं आहे. याच विमानात दोन इतर वैमानिकांची टाकी उडताना चुकून कोरडी झाली होती आणि ते थोडक्यात वाचले होते, हे तपासातच पुढे आलं. एकाच ठिकाणी तीन माणसं ठेचकाळली तर मी आधी दगड बघेन.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं का?

नाही. छोटं विमान तरंगत उतरतं. सेसनासारखं विमान एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. म्हणजे ५०० फुटांवरून सव्वा-दीड किलोमीटर आणि पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ. १,५०० फुटांवरून दोन मिनिटं. तेवढ्यात शेत, माळरान, रस्ता असं काहीतरी निवडून सपाट उतरता आलं तर माणसं वाचतात, अनेकदा चालत बाहेर येतात. माणूस मरतो तो बहुतेक वेळा ताबा सुटल्यामुळे. म्हणून आम्ही शिकवतो: आधी विमान उडव, मग टाकी बघ, मग रेडिओ. या क्रमात बदल नाही.

असे अपघात नवशिक्यांकडूनच होतात ना?

उलट आहे. एनटीएसबीनं २०११ ते २०१५ या वर्षांचा आढावा घेतला होता. अमेरिकेत छोट्या विमानांचे इंधनाच्या गफलतीमुळे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात होत होते. त्यांत पेट्रोल पूर्ण संपल्याचे ५६ टक्के, आणि पेट्रोल असून न पोचल्याचे ३५ टक्के. या वैमानिकांत शिकाऊ जेमतेम २ टक्के. जवळजवळ निम्मे व्यावसायिक किंवा एअरलाइन परवानाधारक.

शिकाऊ मुलगी दर वेळी पंखावर चढून टाकी तपासते, कारण खाली प्रशिक्षक उभा असतो. हजार तास झाले की खाली कुणी उभं नसतं.

मोठ्या विमानांत असं होत नाही ना?

क्वचित, पण झालंय. १९७८ मध्ये पोर्टलंड शहराजवळ युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ चाकांची अडचण सोडवत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून उपनगरात उतरलं. १८९ पैकी १० जण गेले. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये किलोच्या जागी पौंड धरून हिशेब झाला, ४१,००० फुटांवर इंधन संपलं, आणि वैमानिकांनी ते तरंगवत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. तिथे कुणीही दगावलं नाही. पोर्टलंडनंतर कॉकपिटमधल्या संवादाचं प्रशिक्षण जगभर सुरू झालं: कप्तान कितीही ज्येष्ठ असो, इंधन संपतंय हे सहवैमानिकानं ठणकावून सांगायचं.

हेलिकॉप्टरचं काय?

ग्लासगोमध्ये २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री पोलिसांचं हेलिकॉप्टर एका पबच्या छतावर कोसळलं, १० जण मृत्युमुखी पडले. मुख्य टाकीत इंधन होतं. ते इंजिनांना पुरवणाऱ्या छोट्या टाक्यांत ढकलणारे पंप बंद होते. कमी इंधनाच्या सूचना कॉकपिटमध्ये पुन्हा पुन्हा वाजल्या होत्या. डेन्व्हर यांच्या अपघाताशी याचं नातं कळलं असेल: इथेही धान्य घरात होतं.

डॅशबोर्डवर काटा असतो, मग टाकी काठीनं का मोजायची?

कारण छोट्या विमानाच्या काट्यावर विसंबता येत नाही. पातळी हलते, विमान कललं की काटा नाचतो, जुन्या विमानांत तर तो अडकूनही बसतो.

सकाळी पहिलं काम हे: पायरीवर पाय ठेवून पंखाच्या वर जायचं, झाकण उघडायचं, खुणांची काठी टाकीत सरळ बुडवायची. तिरकी गेली तर जास्त दाखवते. बाहेर काढल्या काढल्या वाचायची, कारण विमानाचं पेट्रोल बघता बघता उडून जातं आणि ओली रेघ खाली सरकायला लागते. बोटांना वास दिवसभर राहतो. मग खाली येऊन टाकीच्या बुडातून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढायचं, उजेडात धरायचं. तळाशी पाण्याचा थेंब असेल तर तो मण्यासारखा वेगळा चमकतो.

मी स्वतः शिकत असताना एकदा वहीत लिहिलेलं होतं की विमान भरलेलं आहे. आधीच्या वैमानिकानं एक फेरी जास्त मारली होती आणि नोंद राहून गेली होती. मी घाईत होतो, काठी न घालताच निघालो असतो. शेजारी उभे असलेले जुने मेकॅनिक काका फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, वही पंखावर नाही चढत." काठी घातली तर निम्म्याच्याही खाली रेघ. त्या दिवसापासून आजपर्यंत मी काठी न घालता उडालेलो नाही.

आणि काठीवर दिसतं ते सगळं वापरता येत नाही. सेसना १५२ च्या टाक्यांत मिळून २६ गॅलन, म्हणजे साधारण ९८ लिटर मावतं, पण त्यातलं दीड गॅलन तळाशी असं राहतं की इंजिनापर्यंत खात्रीनं पोचत नाही. हिशेब साडेचोवीसचाच करायचा.

चुकीचं इंधन भरलं तर?

तोही तितकाच घातक प्रकार. पिस्टन इंजिनाच्या विमानांना एव्हगॅस लागतं, त्याला निळा रंग दिलेला असतो. जेट इंधन फिकट, गवती असतं. पिस्टन इंजिनात जेट इंधन गेलं तर उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिन दगा देतं. कपात रंग बघायचा तो यासाठीच. जाता जाता एक समाधानाची गोष्ट: एव्हगॅस आपण पूर्वी आयात करायचो, २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवतं.

किती राखीव ठेवायचं?

अमेरिकन नियम असा की ठरल्या ठिकाणी पोचल्यावर दिवसा किमान ३० मिनिटांचं आणि रात्री ४५ मिनिटांचं पेट्रोल उरलं पाहिजे. ही किमान मर्यादा आहे. मी माझ्या मुलांना एक तास सांगतो, आणि तो लिटरमध्ये नव्हे, घड्याळात मोजायला सांगतो. "टाकीत किती आहे" यापेक्षा "किती वाजता उतरलंच पाहिजे" हे वेळापत्रकावर पेन्सिलनं लिहून ठेवलं की वाद राहत नाही.

रुटानच्या विमानांवर विश्वास ठेवावा का?

खुशाल. त्याच्याच 'व्हॉएजर' विमानानं डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत कुठेही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. डिक रुटान आणि जीना यीगर, नऊ दिवस. विमानभर टाक्याच टाक्या होत्या आणि तोल राखत कुठल्या टाकीतून कधी पेट्रोल घ्यायचं याचा हिशेब अखंड चालू होता. शेवटच्या रात्री इंधनाच्या नळीत हवा अडकून मागचं इंजिन बंद पडलं. विमान हजारो फूट खाली आलं, पण खाली यायला हजारो फूट होते. त्यांनी पुढचं इंजिन चालू केलं, मागचंही परत मिळवलं. निघताना ७,००० पौंडांहून जास्त इंधन होतं, उतरताना टाक्यांत उरलं होतं १०६ पौंड, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोच्या आसपास.

आमची मुलगी फ्लाइंग शिकायला जाणार आहे. शाळेत काय विचारावं?

फी, वसतिगृह, विमानांची संख्या हे सगळे विचारतातच. तुम्ही आणखी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक विमानाची स्वतःची खुणांची काठी आहे का? एका मॉडेलची काठी दुसऱ्याला चालत नाही. नवं विमान हातात देण्याआधी डोळ्यांवर पट्टी बांधून मूठ, कॉक, पंपाचं बटण हातानं शोधायला लावतात का? चांगल्या शाळांत लावतात. आणि पेट्रोल कमी वाटतं म्हणून मुलीनं उड्डाण रद्द केलं, तर तिला कुणी रागावतं का?

शक्य झालं तर एकदा सकाळी लवकर जा आणि धावपट्टीच्या कडेला उभं राहून बघा. पहिलं विमान बाहेर निघण्याआधी कुणी पंखावर चढतंय का, ते दुरूनही दिसतं.